काठावरचं नागपूर

नागपूरकराला तलाव म्हटलं की फुटाळा आठवतो. गाडी लावायची, कठड्यावर बसायचं, भाजलेलं कणीस खायचं, सूर्य बुडाला की फोटो काढायचा आणि घरी. मलाही ते आवडतं. पण मनापासून सांगतो, आपण आपल्या तलावांशी फक्त काठापुरतं नातं ठेवलंय आणि त्यांची आजची अवस्था त्यातूनच आली आहे.

मला पाण्यावर जायला शिकवलं खिंडसीच्या एका ढिवरकाकांनी. ढिवर म्हणजे आपल्याकडचा मासेमार समाज. रामटेकजवळचा हा तलाव आमच्या मामाच्या गावापासून जवळ. काकांचा डोंगा लाकडी, अरुंद, तळाशी कायम थोडं पाणी आणि ते उपसायला एक चेपलेला डबा. मी वल्हं खोल खुपसून जीव खाऊन ओढायचो आणि डोंगा जागच्या जागी गोल फिरायचा. काका म्हणाले, "जोर नोको लावू बाबू. वरच्यावर वढ, मंग थांब. तो आपला जाते." खरंच, एकदा ओढून थांबलं की डोंगा स्वतःच सरकत राहतो आणि त्या थांबण्यातच सगळी मजा आहे. डोंग्याच्या पोटावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज, समोर रामटेकचा गड, दूर वारकरी पक्ष्यांचा काळा थवा. सकाळी पाणी स्थिर असतं, ऊन चढलं की वारा सुटतो आणि परत येताना दंड भरून येतात. हे काठावर बसून कळत नाही.

पाण्यावर गेलेल्या माणसाला तलाव वेगळा दिसतो. पातळी किती उतरली, कुठल्या कोपऱ्यातून वास येतो, जलपर्णी कुठून पसरायला लागली, हे त्याला आधी कळतं. अंबाझरीचंच बघा. १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला तलाव. आज वरच्या अंगाचं सांडपाणी त्यात उतरतं, त्या खतावर जलपर्णी माजते, खालचा उजेड अडतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र तो हिरवा गालिचा सुंदर वाटतो! लोक त्याचे फोटो टाकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

लहानपणी पावसाळ्यात अंबाझरीचा ओव्हरफ्लो बघायला जाणं हा आमच्याकडे सणच होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे त्याच सांडव्यावरून लोंढा आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. पाऊस अफाट होता हे मान्य. पण सांडव्याचं पाणी पुढे नाग नदीतूनच जातं, तिला जागा लागते, हे रोज पाण्याकडे बघणाऱ्या कुठल्याही ढिवराने सांगितलं असतं. आपण त्यांना कधी विचारलंच नाही. (उकडलेले शिंगाडे मात्र त्यांच्याकडूनच घेतो.)

कोणी म्हणेल, पोरं बुडतात त्याचं काय? बुडतात, दर पावसाळ्यात बातम्या येतात आणि त्या वाचून पोटात गोळा येतो. म्हणूनच तर पोरांना पोहायला आणि वल्हवायला शिकवलं पाहिजे. पाण्याची ओळख नसलेली पोरं अंदाज न घेता उतरतात. पाटी लावून कोणी थांबत नाही. अंगात लाइफ जॅकेट, सोबत पाणी जाणणारा माणूस, आणि सुरुवात सकाळच्या शांत पाण्यात. एवढं असलं तरी पुष्कळ.

मोटारबोटी नकोत. त्यांचा आवाज, डिझेलचा तवंग आणि घाबरून उडणारी बदकं, यात पाण्याचा आनंद कुठे राहतो? साध्या वल्ह्याच्या नावा पाहिजेत. चालवायला ढिवर समाजातली तरुण पोरं, तिकीट परवडणारं. गोंड राजांच्या काळापासूनचा शुक्रवारी तलाव, म्हणजे आपलं गांधीसागर, भर वस्तीत आहे. आधी त्याचं पाणी हात घालण्यासारखं करा, मग महाल भागातल्या पोराला नाव वल्हवायला शिकायला लांब जायला नको. आणि सोनेगावचा तलावही आहेच.

ज्यांना पाण्यावर यायचं आहे त्यांनी रविवारी पहाटे खिंडसीला या. पालकांनी मुलांना घेऊन यावं. सहाच्या आत पोहोचा, वारा सुटायच्या आधी परतायचं आहे. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालावंच लागेल, त्यावर वाद घालू नये.