जी म्हणजे ९.८१

एफवाय बीएस्सीला फिजिक्स घेतलंत ना? उत्तम. मग पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये कुठलं उपकरण कुठे ठेवतात हे बघत बसू नका. एसवायचा एखादा गरीब स्वभावाचा प्राणी शोधा, ज्याचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, सर्टिफाय झालंय. अक्षर सुवाच्य असलं तर सोन्याहून पिवळं.

नाहीतर माझ्यासारखं होईल. जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, मोजायचा बार पेंड्युलमचा प्रयोग होता. ओळीने भोकं असलेली धातूची पट्टी नाइफ एजवर टांगायची, वीस दोलनं मोजायची, स्टॉपवॉच दाबायचं, की पुढचं भोक. अख्खी दुपार गेली, मान आखडली. जी आला ९.७८. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, आकड्याभोवती लाल गोल काढला. "सगळ्या बॅचचा ९.८१ आलाय. तुझाच कसा वेगळा? पार्टनरचं बघ जरा." पार्टनर त्या दुपारी अमृततुल्यात होता.

कुठे बोलू नका, पण ९.८१ हा साधारण ४५ अंश अक्षांशाकडचा आकडा. पुणं पडलं साडेअठरा अंशांवर, त्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथे जी ९.७८च भरतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, वर स्वतःभोवती फिरते, म्हणून तिकडे जी कमी भरतो. तिला कुठे जर्नल सबमिट करायचंय?

तुम्हाला करायचंय. तेव्हा शेवटापासून सुरुवात करा. आधी ९.८१ लिहा. उलटं गणित मांडून आवर्तकाल काढा. ग्राफवर गुरुत्वमध्याच्या दोन्ही बाजूंना दोन देखणे वक्र काढा आणि मग त्यांच्यावर बिंदू बसवा. दोन-तीन बिंदू किंचित बाहेर असू द्या, प्रयोग केल्यासारखं वाटतं. आणि तारीख तेवढी बदला. आमच्यातल्या एकाने मूळ मालकाचा रोल नंबरसुद्धा इमानाने उतरवला होता. सर्टिफाय झालं, तो भाग वेगळा.

हजेरीचं फार मनावर घेऊ नका. पंचाहत्तर टक्के भरली नाही, तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं, मग मेडिकल सर्टिफिकेट द्यायचं. टायफॉइड चालतो. पण सेमिस्टरला एकदाच. दुसऱ्यांदा झाला की घरी फोन जातो, आणि आई घाबरून मुगाची खिचडी घेऊन रूमवर हजर होते.

राहता राहिली व्हायवा. एक्स्टर्नल दिवसभरात साठ पोरांना तोच प्रश्न विचारून कंटाळलेले असतात. चहा गार होत असतो. "जीची व्हॅल्यू?" असं त्यांनी विचारलं की "नाइन पॉइंट एट वन" म्हणायचं आणि उठायचं. मी "कुठली सर, पुण्यातली?" असं विचारलं.

ऑक्टोबरात पुन्हा बसतोय. जर्नल नव्याने लिहून तयार आहे, हवं असेल तर घेऊन जा. अक्षर बरं आहे, आणि या वेळी जीसुद्धा ९.८१ आलाय.