गांधीलमाशीची भाषा आणि विसावा नंबर

पेठेतला फुटबॉलचा सीझन संपला आणि वरून पाऊस लागला, की आमच्या कट्ट्याला विषय मिळता मिळत नाही. मग कुणीतरी मोबाईल काढतो. परवा सुन्यानं काढला.

सुन्याची बहीण कार्डिफला असते. भाची तिथल्याच शाळेत. तिनं मामाला एक गाण्याचा व्हिडिओ पाठवलेला. स्टेजवर एकटी पोरगी, मागं दिवे, आणि शब्द असले की आमच्यातल्या एकालाही कुठं तोडायचे ते कळेना.

"कुठली भाषा म्हणायची ही?" बाबूनं विचारलं.

"वेल्श. वेल्सची. युरोपात पोरांची गाण्याची स्पर्धा असते, ज्युनियर युरोव्हिजन. 2018 ला वेल्स पहिल्यांदाच उतरला, बेलारूसमधे मिन्स्कला. पोरीचं नाव मानू, गाणं 'पेर्टा'."

"कितवा नंबर?"

सुन्या जरा थांबला. "विसावा."

"कितीत?"

"विसात."

बाबूला एवढंच पाहिजे होतं. हातातला भडंगाचा कागद त्यानं मांडीवर ठेवला आणि सुरू झाला. वेल्स म्हणजे देश तरी हाय का, इंग्लंडचाच तुकडा की तो. इंग्रजीसारखी भाषा हातात असताना असल्या कुणाला न कळणाऱ्या भाषेत लेकराला उभं करायचं, सगळ्या युरोपासमोर शेवटात शेवट आणायचं, ह्याला काय अर्थ हाय?

देशाच्या मुद्द्यावर त्याला तिथंच गप्प केलं. आमच्या पेठेत वेल्स कुणाला सांगावा लागत नाही. गॅरेथ बेलचा संघ 2022 ला कतारला वर्ल्ड कप खेळला, 64 वर्षांनी, तेव्हा ह्याच कट्ट्यावर बाबू त्यांच्या बाजूनं ओरडत होता. पण मोठ्यांच्या युरोव्हिजनमधे ब्रिटनचा एकच संघ असतो, हे खरं. वेल्सला स्वतःच्या नावानं उभं राहायला मिळालं ते पोरांच्या स्पर्धेत, आणि तेही त्यांच्या एस-फोर-सी ह्या वेल्श चॅनेलमुळं.

इथं मास्तरांनी तोंड उघडलं. मास्तर शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त. बोलायला लागले की सवयीनं बोटं मांडीवर पेटीच्या पट्ट्या शोधतात.

"बाबू, ते चॅनेल कसं मिळालं माहीत हाय का तुला? थॅचरबाईंच्या पक्षानं आधी देतो म्हटलं आणि निवडून आल्यावर शब्द फिरवला. लोकांनी टीव्हीचं लायसन भरायचं बंद केलं. मग ग्विन्वोर एव्हान्स म्हणून त्यांचा पुढारी, 67 वर्षांचा, त्यानं जाहीर केलं की ऑक्टोबर 1980 पासनं आमरण उपोषणाला बसतो. सप्टेंबरातच सरकार वाकलं. 1982 च्या 1 नोव्हेंबरला चॅनेल सुरू झालं. माणूस मरायला तयार झाला तेव्हा मिळालेलं चॅनेल हाय ते. ते काय इंग्रजी गाणं पाठवणार?"

"मास्तर, उपोषण भारी. पण गाण्याला मतं मिळायला पाहिजेत का नको?"

"बोलणारी माणसं किती?" आण्णांनी मधेच विचारलं. आण्णा एलआयसीतनं निवृत्त झालेत, आकडा मिळाल्याशिवाय त्यांना चर्चा पचत नाही.

सुन्यानं शोधून सांगितलं. 2021 च्या जनगणनेत 5 लाख 38 हजार. दहा वर्षांपूर्वी 5 लाख 62 हजार होती.

"म्हणजे आपलं कोल्हापूर शहर," आण्णा म्हणाले. "2011 ला आपण साडेपाच लाखाला जरा कमी होतो."

ह्यावर खरंच सगळे गप्प झाले. नुसतं कोल्हापूर. बाहेर करवीर नाही, कागल नाही, सांगली नाही. एवढ्याच माणसांची भाषा, आणि तिचं चॅनेल आहे, शाळा आहेत, युरोपच्या स्टेजवर एक पोरगी आहे. सुन्यानं आणखी सांगितलं की वेल्समधे सोळा वर्षांपर्यंत सगळ्या शाळांत वेल्श शिकायलाच लागते, म्हणून भाची घरात आईशी मराठी बोलते आणि गृहपाठ वेल्शचा करते. रस्त्यावर 'हळू चालवा' असं रंगवतात ते दोन भाषांत. वेल्श शब्द इंग्रजी डोळ्यांनी वाचला तर 'अराफ', पण म्हणायचं 'अरव'. त्यांच्यात एक एफ असला की व, दोन असले की फ. बहीण पहिलं वर्षभर 'अराफ'च म्हणत होती, भाचीनं सुधारलं.

"पण आकडा घसरलाच की," बाबू सोडेना. "चॅनेल हाय, शाळा हाय, तरी चोवीस हजार कमी झाले."

"आणि कमी झाले ते मुख्यतः तीन ते पंधरा वयातले," सुन्या मोबाईलवरनं वाचत म्हणाला. म्हणजे त्यानं स्वतःच्याच बाजूला सुरुंग लावला.

पण मला वाटतं खरी मेख तिथंच आहे, आणि मी ते बोललोही. सरकारनं 2050 पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे करायचं ठरवलंय. ते म्हाताऱ्यांच्या जिवावर होणार नाहीत. दहा-बारा वर्षांच्या पोराला आपल्या भाषेत आजोबांचं भजन आणि शाळेतली कविता एवढंच मिळत असेल, तर ते पोर मजा करायला दुसऱ्या भाषेत जाणार. त्याला त्याच्या वयाचं, ह्या वर्षीचं, नाचता येणारं गाणं पाहिजे. चॅनेलनं पोरगी पाठवली ती बक्षिसासाठी नाही, घरात बसून बघणाऱ्या पोरांसाठी.

"हे बक्षीस न मिळाल्यावर सुचतं," बाबू म्हणाला. "2022 ला बीबीसी उतरली, इंग्रजीत गायली, पाचवा नंबर. कुठं विसावा, कुठं पाचवा?"

मुद्दा बिनतोड वाटत होता. पण सुन्या त्या दिवशी पेटलेला. त्यानं त्याच वर्षीचा निकाल उघडला. इंग्रजी गाणं पाचवं, बरोबर. चौथं आयर्लंड. आणि आयर्लंडचं टीजी-फोर हे चॅनेल 2015 पासनं स्पर्धेत येतं ते आयरिश भाषेतच गाणं घेऊन. गाण्याचं नाव 'सोलस', म्हणजे उजेड. इंग्रजांच्या एक पायरी वर!

आण्णा एवढ्या जोरात हसले की चहा सांडला.

बाबू मग पैजेवर आला. तो हरायला लागला की पैजेवर येतो. "एक सांगतो. आयर्लंड चौथं, मान्य. पण न कळणाऱ्या भाषेत कुणी पहिला येऊन दाखवा. आल्यास सगळ्यांची मिसळ माझ्याकडनं."

एवढं बोलायला नको होतं त्यानं. ह्या स्पर्धेत सगळ्यात जास्त वेळा जिंकलेला देश जॉर्जिया. 2008, 2011, 2016, 2024, असं चार वेळा. फ्रान्सनं 2025 ला चौथ्यांदा जिंकून बरोबरी केली तेवढीच. जॉर्जियाची लोकसंख्या चाळीस लाखाच्या आत. पण सुन्यानं दाखवलं ते 2008 चं. तीन पोरं, अंगात पिवळेकाळे पट्ट्यांचे कपडे, ग्रुपचं नाव 'ब्झिकेबी', म्हणजे गांधीलमाश्या. गाण्याला भाषाच नाही. जॉर्जियनसुद्धा नाही. सगळं माश्यांसारखं झूं-झां, मनानं रचलेलं. आणि पहिला नंबर!

मास्तरांनी दोनदा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. "सुरात हायत लेकरं," एवढंच म्हणाले.

नंतर विषय जरा बाजूला गेला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आण्णांनी विचारलं, लहान पोरांना असं नंबराला लावावं तरी का? आपल्याकडं टीव्हीवर पोरं बाद होतात तेव्हा कॅमेरा रडणाऱ्या आईवर जातो. तिकडं काय वेगळं?

वेगळं आहेही आणि नाहीही. ही स्पर्धा मुळात डेन्मार्कच्या पोरांच्या स्पर्धेतनं उगवली, 2003 ला पहिली झाली तीही कोपनहेगनला. पण 2005 नंतर डेन्मार्क आणि नॉर्वे पोरांवर ताण येतो म्हणून बाहेर पडले आणि आपलीआपली साधी स्पर्धा घ्यायला लागले. ज्यांनी चूल मांडली तेच पंगतीतनं उठले. स्पर्धेत एक पळवाटही होती: 2015 पर्यंत प्रत्येक देशाला सुरुवातीलाच बारा गुण फुकट, म्हणजे कुठल्याच पोराच्या नावापुढं शून्य दिसायचं नाही. 2016 पासनं तेही गेलं. मला ते बारा गुण फार आवडले. खोटे होते, पण आजीनं पानात आधीच वाढून ठेवलेल्या साखरभातासारखे.

मास्तरांची तक्रार वेगळीच. ते म्हणाले, "नंबराचं सोडा. तिथं पोरगं नवीन गाणं गातं, हे बघा. सुरुवातीला तर गाणं पोरांनीच रचायचं असा नियम होता, पुढं मोठ्यांचा हात शिरला. तरी गाणं नवीनच लागतं, आणि निम्म्याहून जास्त आपल्या भाषेत. इंग्रजी घातलं तर 40 टक्क्यांपर्यंतच. आपल्याकडं आळंदीची कार्तिकी गायकवाड 2009 ला लिटिल चॅम्प्स जिंकली, सगळा महाराष्ट्र टीव्हीपुढं. काय आवाज! पण त्या पोरांतल्या एकासाठी तरी कुणी नवीन गाणं बांधलं होतं का? सगळी मोठ्यांची गाणी. दहा वर्षाची पोर लावणी म्हणते, डोळा मारते, आणि परीक्षक टाळ्या वाजवतात. मी पस्तीस वर्षं गॅदरिंग बसवलं. पस्तीस वर्षांत पोरांचं नवीन गाणं मी किती बसवलं?" बोटं मांडीवर थांबली. "दोन."

मराठी बोलणारे 2011 ला 8 कोटी 30 लाख, हे आण्णांनी हळूच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

वेल्स 2019 ला पुन्हा गेला, पोलंडला. गाण्याच्या नावाचा अर्थ 'काळीज धडधडतंय'. एकोणिसात अठरावा. पुढच्या वर्षी कोरोना आला, तेव्हापासनं त्यांचं नाव यादीत नाही. सुन्या म्हणतो ते परत यायला पाहिजेत. बाबू म्हणतो दोन वर्षात तळातनं एकच पायरी चढले, शहाणे झाले. मी म्हटलं, आपल्या पेठेचा संघ तळाला जातो त्या वर्षी तू संघ काढतोस का रे? तो म्हणाला फुटबॉलचं वेगळं.

पाऊस थांबला तसे उठलो. मिसळीचं काय, म्हणून आण्णांनी आठवण करून दिली. बाबू चप्पल शोधत होता.

"पैज न कळणाऱ्या भाषेची होती," तो म्हणाला. "झूं-झां ही काय भाषा न्हाई. पैज रद्द."

"कळलं का तुला ते गाणं?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई."

"मग काढ पैसे."