एकाच सहीचा करार

महिनाभर आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. देवाने आपल्याशी करार केलाय, म्हणून तो बांधील आहे. बायबलमधलं यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते वचन) स्वतःचं नाव घालून एकवीस दिवस मोठ्याने म्हणा. स्तोत्र ९१ दारावर लावा, घराला धक्का लागणार नाही. उत्तर आलं नाही, तर तुमचा विश्वास कमी पडला. अलिबागच्याच चौघांनी मला तो पाठवला, म्हणून हे लिहितोय.

'करार झाला, देव बांधला गेला.' करार म्हटलं की कोकणी माणसाला कलमांची बाग आठवते: स्टॅम्पपेपर, दोघांच्या सह्या, पैसे थकले की तगादा. उत्पत्ती १५ मधला देवाने अब्रामाशी (पुढचा अब्राहाम) केलेला करार तसा नाही. अब्रामाने जनावरं कापून अर्धे भाग समोरासमोर मांडले. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं. मोडला तर आपलीही हीच गत, असा अर्थ (यिर्मया ३४ मध्ये हीच रीत दिसते). पण अब्राम गाढ झोपेत होता. तुकड्यांमधून गेली ती फक्त धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. सही एकाचीच. देवाने स्वतःला बांधून घेतलं हे खरं, पण दोरीचं टोक आपल्या हाती दिलं नाही. त्याच रात्री त्याने हेही सांगितलं, की तुझी संतती चारशे वर्षं परक्या देशात दास्यात राहील. ते वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

यिर्मया २९ हे बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र. आधी त्यांचं, मग आपलं. ज्यांच्या गावात यहुद्यांची जुनी इस्राएल आळी आहे त्यांना हे मी काय सांगू? अकरावं वचन घ्यायचं तर दहावंही घ्या. तिथे मायदेशी परतण्याआधी सत्तर वर्षांची मुदत आहे. पुढे बाबेलातच असलेल्या दानीएल संदेष्ट्याने यिर्मयाची ती सत्तर वर्षं वाचली, तेव्हा गोणपाट नेसून, राखेत बसून त्याने आपल्या लोकांची पापं कबूल केली. 'विलंब लावू नको' असंही म्हणाला, पण स्वतःच्या नीतिमत्तेवर नाही, देवाच्या दयेवर भिस्त ठेवून. एकवीस दिवसही बहुधा त्याच्याच दहाव्या अध्यायातून उचललेत. तिथे तो शोक करत होता, देवाला मुदत घालत नव्हता.

स्तोत्र ९१ तर सैतानानेच येशूला ऐकवलं होतं: मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील. तिथे येशूने काय उत्तर दिलं ते मत्तय ४ मध्ये वाचा.

'विश्वास कमी पडला' याची मात्र मला चीड येते. शरीरातला काटा दूर कर म्हणून प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनवलं, काटा राहिलाच. त्यालाही हा मेसेज पाठवणार का?

मग वचन धरून प्रार्थना करायचीच नाही? करायची. स्तोत्र ८९ आधी देवाने दावीद राजाशी केलेल्या कराराची लांबलचक उजळणी करतं आणि मग थेट म्हणतं, तो करार तू झिडकारलास. आपण त्याला गाऱ्हाणं म्हणतो.

माझ्या मावशीच्या दारावर स्तोत्र ९१ चं लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दार शाबूत राहिलं, अर्धं छप्पर गेलं. दुसऱ्या दिवशी ते कार्ड तिने पदराने पुसलं आणि वर उघड्या आभाळाकडे धरलं. "तुझ्या पंखांखाली म्हणालास ना? मग हे बघ." कार्ड परत दारावर अडकवलं आणि धड राहिलेली कौलं मोजायला घेतली.