नळ, पाइप आणि लाज

नमस्कार. 'पाण्याची संस्कृती' या विषयावरच्या माझ्या लेखात दात घासताना नळ बंद करा असं मी म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शहरात पाणी वाचतं ते गळके पाइप बदलल्यानं, मीटर लावल्यानं आणि दर वाढवल्यानं. 'पाण्याची संस्कृती' ही भाषा म्हणजे यंत्रणेचं अपयश सामान्य माणसाच्या माथी मारायची युक्ती. आणि जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी ७० टक्के शेतीला जात असताना 'दात घासताना नळ बंद करा' म्हणणं हास्यास्पद आहे.

शेवटचं आधी घेतो. ७० टक्क्यांचा आकडा बरोबर, पण तो जगाचा. शहर पितं ते आपल्या धरणातलं. २०१८च्या सुरुवातीला केपटाउनची धरणं तळाला गेली, तेव्हा शहराजवळच्या ग्रोनलँड भागातल्या शेतकऱ्यांनी आपल्या साठ्यातलं १० अब्ज लिटर पाणी शहरासाठी सोडलं. मोठं मन दाखवलं त्यांनी. पण शहर तेव्हा दिवसाला पन्नासेक कोटी लिटर वापरत होतं; म्हणजे हिशेब वीसेक दिवसांचा. माणशी रोज ५० लिटरची मर्यादा काही त्यामुळे उठली नाही.

आता पाइप. टोकियोत १९५५च्या सुमारास २० टक्के पाणी गळायचं, आज साधारण ३ टक्के. जुने पाइप बदलले हे त्याचं मुख्य कारण, पण मला जास्त आवडते ती दुसरी गोष्ट: रात्री रहदारी थांबली की तिथले कर्मचारी लांब धातूची काठी जमिनीला टेकवतात, दुसरं टोक कानाला लावतात आणि जमिनीखालची गळती ऐकतात. नुसत्या कानानं. सरावाला वर्षं लागतात म्हणे. यातलं एक लिटरही नागरिकांना उपदेश करून वाचलेलं नाही. इथे तुम्ही जिंकलात.

पण त्याच जपानमधली दुसरी गोष्ट. सार्वजनिक स्वच्छतागृहात आपला आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बायका आत गेल्या गेल्या एकदा फ्लश करायच्या, मध्ये पुन्हा एकदा, आणि शेवटी खरा. दर वेळी टाकीभर पाणी, फक्त आवाज झाकायला. ही गळती कुठल्या काठीला ऐकू येणार? असं करू नका म्हणून सांगून पाहिलं, कुणी फारसं ऐकलं नाही. लाज ही काही पाटी वाचून जाणारी गोष्ट नव्हे. १९८८ साली टोटो कंपनीनं 'ओतोहिमे' नावाचं यंत्र आणलं. बटण दाबलं की वाहत्या पाण्याचा नुसता आवाज येतो, पाणी येत नाही. पुढे ते कितीतरी कार्यालयांत आणि दुकानांत बसलं.

तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी यंत्रच! हो, यंत्रच. पण ते सुचायला बाई फ्लश का करते हे आधी कळावं लागलं. माझ्या लेखात मला 'संस्कृती' म्हणायचं होतं ते एवढंच. लोकांना कशाची किळस येते, कशाची लाज वाटते, पाहुण्यासमोर काय चालतं आणि काय नाही. हे माहीत नसेल तर उत्तम यंत्रणाही पडून राहते.

ऑस्ट्रेलियातलं टूवूंबा घ्या. २००६, भीषण दुष्काळ, सांडपाणी पिण्याजोगं शुद्ध करून वापरायची योजना तयार. जनमत घेतलं तर जवळजवळ ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. विरोधकांनी शहराचं नाव 'पूवूंबा' करून टाकलं होतं. (इंग्रजीत 'पू' म्हणजे शी. मराठीत वाचलं तर त्याहून वाईट.) तंत्र कच्चं होतं म्हणावं तर नामिबियातलं विंडहूक शहर १९६८पासून असंच पाणी पितंय. सिंगापूरनं याच सुमारास वेगळी वाट धरली. पाण्याला 'न्यूवॉटर' नाव दिलं, बाटल्यांत भरलं, २००२च्या राष्ट्रीय दिनाला पंतप्रधानांनी आणि जमलेल्या लोकांनी ते प्यायलं. आणि 'सांडपाणी' हा शब्दच मोडीत काढून 'वापरलेलं पाणी' म्हणायला सुरुवात केली. आपल्या शब्दाकडे पाहा: सांडलेलं ते सांडपाणी. सांडलेलं कोण परत पेल्यात भरून घेईल?

'माथी मारणं' हा तुमचा आरोप मात्र मला झोंबला, कारण तो बराचसा खरा आहे. सार्वजनिक नळावर रांग लावून दोन बादल्यांत दिवस काढणाऱ्या घराला काटकसर शिकवणं हा निर्लज्जपणाच. माझा लेख शॉवर आणि बाग असलेल्यांसाठी होता, पण तसं त्यात लिहिलेलं नव्हतं. केपटाउननं टंचाईत एक नकाशा प्रसिद्ध केला होता, कमी पाणी वापरणाऱ्या घरांवर हिरवा ठिपका दाखवणारा. उधळ्यांवर लाल ठिपका नव्हता, तरी शेजाऱ्याच्या घरात डोकावणं झालंच, आणि त्यावर टीकाही झाली. हा प्रकार मलाही पूर्ण पटत नाही.

राहिला दात घासण्याचा मुद्दा. १९९७मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहराला पाणी आणणारा बोगदा कोसळला, तेव्हा महापौर आंतानास मोकुस टीव्हीवर अंघोळ करताना दिसले. साबण लावताना त्यांनी नळ बंद केला आणि लोकांनाही तेच करायला सांगितलं. दोन महिन्यांत वापर १४ टक्क्यांनी उतरला. पुढची घट टिकली त्यात पाणीपट्टीच्या सवलतींचाही हात होता, हे तुमच्या बाजूनं नोंदवतो.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी बेसिनच्या नळाखाली लिटरची बाटली धरली. दहा सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला सहा लिटर; दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, चोवीस लिटर. केपटाउनच्या माणशी मर्यादेतलं जवळजवळ निम्मं. मूळ लेखात 'प्रत्येकानं' असं लिहिलं होतं, ते काढून 'ज्यांच्या घरी नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांनी' असं आज केलंय.