रोलमधला शेवटचा फोटो

आज सकाळी फोन हातात घेतला, तर पडद्यावर आईचा चेहरा. मी काही शोधत नव्हते, कुणी काही पाठवलेही नव्हते. फोनने आपणहून एक छोटी चित्रफीत तयार करून ठेवली होती, तिला ‘आनंदाचे क्षण’ असे नाव दिले होते आणि मागे कुठलेसे उडते संगीत लावले होते. त्या संगीतावर एकामागून एक सरकत होते ते आईच्या शेवटच्या आजारपणातले फोटो. तिच्या सुजलेल्या पायाचा फोटो, जो मी डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढला होता. गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो, औषध आणताना नाव चुकू नये म्हणून काढलेला. रुग्णालयाच्या खाटेवर अर्धवट झोपेत पडलेली आई. मध्येच कुणाच्या तरी गाडीचा नंबर. आणि हे सगळे संपल्यावर, हा क्षण कुणाला पाठवायचा आहे का, असा फोनचा लाघवी प्रश्न.

मला संताप आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

या फोटोंतला एकही फोटो आठवण म्हणून काढलेला नव्हता. ते कामाचे फोटो होते, काम झाल्यावर टाकून द्यायचे. आई जाऊन काही काळ लोटल्यावर, तिच्या सुजलेल्या पायाला ‘आनंदाचा क्षण’ ठरवण्याचा अधिकार या यंत्राला कुणी दिला? मी तरी दिल्याचे मला आठवत नाही. कुठल्या तरी बारीक अक्षरांतल्या मजकुराखाली ‘मान्य आहे’वर बोट ठेवले असेल, तर ते संमती म्हणून धरायला माझी तयारी नाही.

माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींना रोल म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही, पण इथे धाकटी मंडळीही आहेत, म्हणून थोडे सांगते. आमच्या घरात एकच कॅमेरा होता आणि त्यात छत्तीस फोटोंचा रोल, म्हणजे ज्यावर फोटो उमटतात त्या फिल्मची गुंडाळी, बसत असे. बाबा तो भरायचे तेव्हा उजेडाकडे पाठ करून बसायचे आणि आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. फिल्मचे टोक दातेरी चाकावर नीट बसवायचे, मागचे झाकण बंद करायचे, दोनदा कळ दाबून उजेड लागलेला भाग पुढे ढकलायचा आणि मग वरच्या छोट्या खिडकीत एकचा आकडा आला की रोल सुरू झाला. हात नीट चालला असेल तर कधीकधी शेवटी सदतिसावा फोटोही निघायचा आणि तो निघाला की बाबा जणू कंपनीलाच हरवल्यासारखे खूश असायचे. पण त्यावर विसंबायचे नाही, छत्तीसच धरून चालायचे, हा नियम होता. एखाद्या फोटोत कुणाचे डोळे मिटले की नाही हे त्या वेळी कळायला मार्ग नव्हता. रोल संपायचा, धुवायला जायचा, कॉपी यायच्या आणि तेव्हा सगळा उलगडा व्हायचा.

एकदा आमच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. पस्तीस काढून झाले होते आणि तो शेवटचा बाबांनी राखून ठेवला. काहीतरी निमित्त येईल, असे ते म्हणत. किती महिने तो तसाच राहिला, देव जाणे. माझ्या दादाला शाळेत बक्षीस मिळाले तेव्हा आम्ही हट्ट धरला, बाबांनी विचार केला आणि नको म्हणाले. पाहुणे आले, गेले. मी नवा फ्रॉक घालून मुद्दाम कॅमेऱ्याच्या कपाटासमोर घुटमळले, तरी दाद मिळाली नाही. घरात एक फोटो शिल्लक आहे, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना कायम ठाऊक असायची आणि त्यामुळे समोर घडणारी प्रत्येक गोष्ट आम्ही मनातल्या मनात पारखून घ्यायचो: ही त्या लायकीची आहे का? मला आज वाटते, तसे पारखून बघायची सवय जितकी त्या काळात माझ्या डोळ्यांना लागली, तितकी पुढे कधीच राहिली नाही.

शेवटी आधीच्या फोटोंची चौकशी नातेवाइकांकडून वारंवार होऊ लागली आणि बाबांचा नाइलाज झाला. एका अगदी साध्या दुपारी ते कॅमेरा घेऊन आले आणि रोल संपवायचा म्हणून समोर दिसली तिचा फोटो काढला. समोर आई होती, शिलाई मशीनवर वाकलेली, दादाच्या गणवेशाची उसवलेली शिवण घालत. ‘‘अहो, असल्या अवतारात काय फोटो काढताय,’’ असे म्हणत तिने डावा हात वर केला आणि तेवढ्यात कळ दाबली गेली. फोटोत तिचा चष्मा कपाळावर चढलेला आहे, दातांत दोऱ्याचे टोक आहे आणि उजेड कमी असल्यामुळे वर केलेला हात धूसर आला आहे. चेहऱ्यावर चक्क वैताग आहे. तिच्या इतर सगळ्या फोटोंत ती फोटोसाठी उभी आहे. या एकाच फोटोत ती आमची आई आहे.

आता माझी मुलगी, जिला मी हे सगळे सकाळीच तावातावाने ऐकवले, ती म्हणाली, ‘‘आई, म्हणजे तुझा सर्वांत लाडका फोटो उगीचच काढलेला होता की! मग आम्ही उगीच काढतो त्याच्यावर एवढा राग का?’’ मुद्दा बिनतोड आहे, हे कबूल. पण तेवढ्याने ती जिंकली असे मला वाटत नाही. तो फोटो उगीच काढला गेला असेल, पण उगीच पाहिला गेला नाही. कॉपी घरी आल्या तेव्हा आम्ही चौघेही त्या फोटोवर वाकलो होतो. आई रुसली, तो फाडून टाका म्हणाली, दादा खो खो हसला आणि बाबांनी काही न बोलता पेनाने त्याच्या पाठीवर तारीख टाकली आणि खाली ‘३६ वा’ असे लिहिले. मग त्याला चार कोपरे लावून अल्बमच्या काळ्या पानावर जागा मिळाली, वर तो बटरपेपर आला आणि पुढची कितीतरी वर्षे, कुणीही अल्बम उघडला की त्या पानावर आई नव्याने रुसत राहिली. एवढे सगळे झाले तेव्हा कुठे त्याची आठवण झाली. बटण दाबले की आठवण तयार, असे तेव्हा नव्हते आणि माझ्या मते आजही नाही. फक्त आजकाल तसे सांगितले जाते.

सांगणारेही नवे नाहीत. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकायला आणला, तेव्हा त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा. तो संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, ते लोक फोटो छापून, नवा रोल भरून परत पाठवणार. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचे आम्ही करतो, अशी त्यांची जाहिरात होती. तेव्हा ‘बाकीचे’ म्हणजे रोल धुणे आणि छापणे, आणि ती कटकट गेली याबद्दल लोकांना आनंदच झाला असणार. आज ‘बाकीचे’ कुठवर आले आहे पाहा. कुठला फोटो ठेवायचा, कुठला पुढे आणायचा, कुठल्या दिवशी कुणाची आठवण काढायची आणि ती काढताना मागे कुठले संगीत वाजायला हवे, तेही तेच करणार. आपल्याला बटण दाबायचे काम तेवढे उरले आहे आणि ते आपण दिवसभर इमानेइतबारे करतो आहोत.

मी काही यंत्रांची वैरीण नाही. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत असत, हे वाचून मला कौतुकच वाटले होते. १९९७ साली फिलिप कान नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियातल्या प्रसूतिगृहात बसून, मोबाइलला कॅमेरा जोडून, आपल्या नुकत्या जन्मलेल्या मुलीचा फोटो शेकडो ओळखीच्यांना पाठवला. त्या बापाचा मला हेवा वाटतो. आणि आईचा आवाज आज माझ्याकडे आहे तो फोनमुळेच आहे, तेवढे ऋण मान्य.

पण मला सांगा, तुमच्या फोनमध्ये किती हजार फोटो आहेत आणि त्यांतले किती तुम्ही दुसऱ्यांदा पाहिले आहेत? समारंभात बघावे तर समोर माणूस उभा आहे आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही, सगळे पडद्यावरच्या त्याच्या प्रतिमेकडे पाहत आहेत. आजारी माणसाला भेटायला येणारे आधी फोटो काढतात आणि मग कसे वाटते म्हणून विचारतात. आईच्या बाबतीत हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांनी ते केले त्यांतले काही ही पोस्ट वाचतील, त्यांना वाईट वाटले तर वाटू दे. तिला शेवटपर्यंत फोटो काढलेला आवडत नव्हता, हे तुम्हाला माहीत होते. मशीनवर बसून ज्या हाताने तिने बाबांना अडवले होते, तोच हात तिने तुमच्यासमोरही वर केला होता. बाबांनी त्या दिवशी तिचे ऐकले नाही, हे खरे, पण पुढच्या रोलपर्यंत पुन्हा काढायची सोयही त्यांच्याकडे नव्हती. तुम्ही तिचा हात खाली येईपर्यंत थांबलात आणि आणखी चार काढलेत.

असो. थोडी जास्त बोलले.

खरे तर टंचाईचे गोडवे गावेत असे मलाही वाटत नाही. ज्या घरांत कॅमेराच नव्हता, त्यांना ‘छत्तीस फोटोंची मजा’ सांगणे हा उद्धटपणा होईल. माझ्या आजीचा, बाबांच्या आईचा, एकही फोटो नाही. तिचे डोळे माझ्यासारखे होते म्हणतात, पण ताडून पाहायला काही नाही. आणि बाबा स्वतः तर आमच्या अल्बममध्ये जवळजवळ नाहीतच, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. एका फोटोत जमिनीवर त्यांची लांब सावली आली आहे, हातांची दोन्ही कोपरे बाहेर काढून उभ्या माणसाची, आणि ती चूक म्हणून त्यांनी तो फोटो मागच्या पानावर लावला होता. आज असते तर कुणीही हात लांब करून त्यांना चौकटीत ओढले असते. याबाबतीत आजची पोरे शहाणी आहेत, काय करणार.

तरीही माझे म्हणणे तिथेच आहे. कमी फोटो होते म्हणून ते दिवस चांगले होते, असे मी म्हणत नाही. फोटो कमी होते म्हणून काय ठेवायचे ते आपल्याला ठरवावे लागे, ते ठरवताना समोर पाहावे लागे आणि ठरवलेल्याचे भलेबुरे आपल्याच माथी असे. कोडॅक्रोम या नामांकित रंगीत फिल्मचे उत्पादन २००९ साली बंद झाले, तेव्हा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला दिला गेला. जगभर नावाजलेला माणूस, पण त्याच्याही वाट्याला छत्तीसच फोटो. न्यूयॉर्क, भारत, तुर्कस्तान असा फिरून, जपून जपून त्याने ते काढले आणि २०१० साली तो रोल कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या गावी धुतला गेला. त्याच्या मनात तेव्हा काय चालले असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या घरी तेच महिनोन्‌महिने चालले होते, फक्त जगाला त्याचा पत्ता नव्हता.

मुलगी दुपारी पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली आणि आजीचा तो फोटो काढ म्हणाली. अल्बम उघडला. रंग बरेच उतरले आहेत, सगळ्यावर एक लालसर झाक आली आहे आणि एका कोपऱ्याचा डिंक सुटला आहे. तिने तो उलटा करून बाबांचे अक्षर वाचले, मग बराच वेळ सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘‘तू चिडलीस की अशीच दिसतेस.’’ मी काय बोलणार?

तर आता मूळ कामाचे. त्या रोलच्या निगेटिव्ह, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या ज्या पट्ट्यांवरून कॉपी काढतात त्या, आमच्याकडे नाहीत. कॉपी काढून घेण्यासाठी बाबांनी त्या नातेवाइकांपैकी कुणाला तरी दिल्या होत्या आणि त्या परत आल्या नाहीत. तक्रार नाही, तेव्हा असेच चालायचे. पण माझ्या मामेभावंडांनो आणि आतेभावंडांनो, तुमच्या घरातली जुनी कपाटे, पत्र्याचे डबे आणि पाकिटे एकदा बघाच. आठवणीने सांगते, पट्ट्या सहा-सहा फोटोंच्या कापलेल्या असतील आणि शेवटच्या पट्टीच्या टोकाला, उजेडासमोर धरल्यास, शिलाई मशीन आणि वर उचललेला एक हात दिसेल, अर्थात रंग उलटे असतील. पट्ट्या फक्त कडांना धरा, मधोमध बोट लावू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका आणि पोस्टाने पाठवू नका, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. तोवर, वाटल्यास, फोनवर एक फोटो काढून पाठवा, सापडल्या एवढे तरी कळेल.