पिन, टाचणी आणि ‘गुलामगिरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘पिन’ या शब्दाच्या अनेक अर्थांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण चार वाक्यांची प्रतिक्रिया दिली आहे. इतर वाचकांसाठी ती आधी जशीच्या तशी देतो : “लेख वाचण्यात वेळ वाया गेला. ‘टाचणी’ हा सुंदर मराठी शब्द असताना पिनेचे पंधरा अर्थ मोजत बसणे ही मानसिक गुलामगिरी आहे. पिनकोडमधला पिन हा मुळात शब्दच नव्हे, ती आद्याक्षरे आहेत. आणि ‘पिन नंबर’ असे लिहिणाऱ्याने भाषेवर बोलूच नये.”

शेवटच्या वाक्यातला आक्षेप मला मान्य आहे. पिन या ‘पोस्टल इंडेक्स नंबर’च्या आद्याक्षरांमध्ये नंबर आधीच असल्यामुळे ‘पिन नंबर’ म्हणताना तो दोनदा येतो. लेखात एका ठिकाणी माझ्याकडून तसे लिहिले गेले होते, ते आज दुरुस्त केले आहे. मात्र एका जादा शब्दावरून एखाद्याला भाषेवर बोलण्याची बंदी घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला समजलेले नाही.

आद्याक्षरांविषयी आपण जे सांगत आहात ते लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहे. आपण तिथवर पोहोचला नसाल. माझे वडील टपाल खात्यात पत्रांच्या छाटणीवर होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली, तेव्हा ‘दादर, मुंबई २८’चे ‘४०००२८’ कसे झाले, त्यातला पहिला आकडा कोणत्या विभागाचा आणि शेवटचे तीन कोणत्या टपाल कार्यालयाचे, हे त्यांनी मला जेवणाच्या पाटावर समजावून सांगितले होते. तेव्हा आद्याक्षरांचा धडा मला नवा नाही.

आता ‘गुलामगिरी’. एवढा जड शब्द आपण ज्या सहजतेने वापरला आहे, ती मला लागली आहे, हे लपवत नाही. मी एकतीस वर्षे गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या मुद्रितांना टाचण्यांनीच टाचायच्या, आणि पावसाळ्यात त्या गंजल्या की कागदावर जो तांबूस डाग उमटायचा तो कशानेही निघायचा नाही, हे मी रोज पाहिले आहे. टाचणीची माया मला कोणी शिकवावी अशी वेळ अजून आलेली नाही. ‘टाचणे’ या अस्सल क्रियापदापासून झालेला तो नेमका शब्द आहे आणि त्याची थोरवी मी नाकारलेली नाही. नाकारतो ते इतकेच, की टाचणी म्हटले की पिनेचे सगळे काम भागते.

आपल्या म्हणण्यामागे एक गृहीत आहे : पिन म्हणजे मुळात टोकदार टाचणी, आणि बाकीचे अर्थ ही इंग्रजीची नंतरची पिलावळ. तसे नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खुंटी किंवा मेख असा होता. दोन वस्तू एकमेकींना धरून ठेवणारा लाकडाचा वा धातूचा तुकडा. चाक आसावरून निसटू नये म्हणून घालतात ती पिन, दोन यंत्रभाग जोडणारी पिन, केसांची पिन, या सगळ्या त्या खुंटीच्या लेकी आहेत, आणि टाचणी ही त्यांच्यातलीच एक. हिंदीत रूढ असलेला ‘आलपिन’ तर इंग्रजीतून आलेलाच नाही. तो पोर्तुगीज ‘अल्फिनेत’वरून आला आणि पोर्तुगीजांनी तो अरबीतून घेतला. परक्या शब्दांना हाकलायला निघालेल्या माणसाने कोणता शब्द कोणत्या बंदरातून आला, याची आधी शहानिशा करावी.

माझी आई सातवीपर्यंत शिकलेली होती. इंग्रजीचे एक अक्षर तिला येत नव्हते. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत ती बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. फॉल साडीच्या काठाला लावताना ती टाचण्या ओठांत धरायची आणि हातभर अंतरावर एकेक टोचत पुढे सरकायची. त्याच वेळी तिच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगडीत तीन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या, हात हलला की बांगडीवर त्यांचा बारीक आवाज व्हायचा. त्यांना ती ‘पिना’ म्हणायची. “टाचणी दे” म्हटले आणि मी पिन दिली, तर ती ती परत करायची. टाचणी शिलाईपुरती, काम झाले की काढून घ्यायची. पिन म्हणजे चाप असलेली, पदर खांद्यावर धरून ठेवणारी, लोकलच्या गर्दीत चपलेचा अंगठा तुटला तर तीही वेळ निभावून नेणारी. ती पिन १८४९ साली वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने पेटंट केली, हे आईला ठाऊक नव्हते आणि तिचे काही अडलेही नाही. एकाच बाईच्या ओठांत एक शब्द होता आणि बांगडीत दुसरा. तिला आपण गुलाम म्हणणार आहात का? म्हणणार असाल तर स्पष्ट म्हणा.

विजेच्या कामात पाहा. प्लगच्या तीन पिनांपैकी वरची, अर्थिंगची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, म्हणजे प्लग खोचताना ती आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. आमच्या वायरमनला मी ‘वरची टाचणी सैल झाली आहे’ असे सांगितले, तर तो काय समजेल? ते त्याच्या अज्ञानामुळे नव्हे, तर त्या वस्तूने काही टाचले जात नाही म्हणून.

आणि ज्याचा आपण विचारच केलेला दिसत नाही ते असे, की पिनेचे काही अर्थ इंग्रजीत नाहीतच, ते आपण दिलेले आहेत. स्टेपलरमध्ये घालतात त्या तारेच्या तुकड्याला इंग्रज पिन म्हणत नाही, आपण म्हणतो. मोबाइलच्या चार्जरचे टोक आपल्याकडे पिन झाले; ‘बारीक पिन’, ‘सी टाइपची पिन’ हे शब्द लोकलच्या डब्यात रोज कानावर पडतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर फिरते ती इंग्रजीत सुई. आमच्या चाळीत ती पिन होती. तबकडीवर ओरखडा असला की ती त्याच खाचेत फिरत राहायची, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजायची आणि त्यावरून ‘त्याची पिन अडकली आहे’ हा वाक्प्रचार आला. तो आपण कोणत्या इंग्रजाकडून उसना घेतला, ते मला दाखवावे. ‘त्याला पिन मारू नकोस’ हेही तसेच. पिन मराठीत स्त्रीलिंगी झाली, तिचे अनेकवचन ‘पिना’ झाले, तिला ‘पिनेने’, ‘पिनेला’ असे प्रत्यय लागले. आपण स्वतःही ‘पिनेचे पंधरा अर्थ’ असेच लिहिले आहे. तिथे ‘पिनचे’ लिहिणे आपल्या कानाला खटकले असावे.

‘पंधरा’ हा आकडा मात्र बरोबर आहे. स्टेपलरची पिन माझ्या यादीतून सुटली होती, ती घेऊन आता सोळा होतात. लेखात ही भर आजच घातली आहे. ‘गुलामगिरी’ हा शब्द आपण मागे घेतल्याशिवाय आपल्या पुढच्या प्रतिक्रियेला मी उत्तर देणार नाही.