जिवाला घोर

स्लीप स्टडीच्या रिपोर्टात एएचआय 34 आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी 34 वेळा माझा श्वास थांबतो किंवा अर्धवट अडतो, तोही दर वेळी निदान 10 सेकंद. 30 च्या वर गेलं की ‘सिव्हिअर’. रिपोर्ट वाचून बायको म्हणाली, “मी इतकी वर्षं हेच फुकट सांगत होते.”

सीपॅप मशीन आलं, म्हणजे झोपेत हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र. नळी, मुखवटा आणि रात्रभर सूंऽऽ. हिनं त्याला व्हॅक्यूम क्लीनर म्हणायला सुरुवात केली. गंमत म्हणजे, 1980 च्या सुमारास सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती काढली, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रांना खरोखरच व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. हे मी हिला अजून सांगितलेलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, “उताणं झोपू नका, जीभ मागे पडते. उशांवर उशाही रचू नका. हनुवटी छातीला टेकते नि घसा आणखी आवळतो. उचलायचं तर कमरेपासून उचला.” झालं! आम्ही गादीच्या दुकानात.

“पाठीला एकदम बेस्ट, सर.”

माझी पाठ ठणठणीत आहे, भानगड घशात आहे, असं मी सांगितलं. दुकानातल्या पोरानं शांतपणे शेजारच्या गादीवर थाप मारली. “मग ही घ्या. ऑर्थो.”

भर दुकानात, ट्यूबलाइटखाली, पायाशी प्लास्टिक, शेजारी सोफ्याचा भाव करणारं अनोळखी कुटुंब, आणि आपण कुशीवर पडून “हं, बरी वाटतेय” म्हणायचं. यात कुणाला झोपेचा अंदाज येत असेल तर त्याला गादीची गरजच नाही. मेमरी फोम नासाच्या कामातून निघाला, हे पोरानं दोनदा सांगितलं. खरं आहे ते, 1966 च्या सुमाराची गोष्ट. पण विमानाच्या सीटसाठी केलेल्या त्या फोममध्ये मी असा रुतलो की कूस बदलायला हिचा हात धरावा लागला. ज्याला उताणं झोपायची बंदी, त्याला ही चिखलात बसलेल्या म्हशीची अवस्था परवडत नाही. शिवाय मे महिन्यात तो फोम तापतो तो वेगळाच. काथ्याची गादी घट्ट, कूस वळायला सोपी, पण खांद्याला टोचते. लेटेक्स सगळ्यात पटला. किंमत ऐकून श्वास अडला, तो मात्र जागेपणी.

मग त्यानं रिमोटचा पलंग दाखवला. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू कमरेपासून वर. डॉक्टरांचं वाक्यच जणू मोटर लावून उभं केलेलं. मी खूश. हिनं वाकून पलंगाखाली पाहिलं.

“अहो, पण याला बॉक्स कुठाय?”

मुद्दा बिनतोड होता. आमच्या बॉक्स-बेडमध्ये पाहुण्यांच्या गाद्या, रजया, गणपतीचं मखर, लग्नात आलेले डिनर सेट आणि कुणाचा ते न आठवणारा एक पाळणा आहे. आपल्याकडे पलंग ही मुळात कोठीची खोली. तिच्या झाकणावर माणसं झोपतात, इतकंच. मोटरवाल्या पलंगाच्या पोटात नुसती यंत्रं.

शेवटी तह झाला. तिच्या बाजूला बॉक्सचा सिंगल, माझ्या बाजूला मोटरचा, दोन्ही 78 बाय 36. मध्ये जी फट पडते तिच्यात माझा चष्मा जातो. वीज गेली की पलंग जिथल्या तिथे अडतो, म्हणून इन्व्हर्टरवर आता मशीन आणि मी, टीव्ही उतरवला. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलंय.

रिमोट हिच्या उशाशी असतो. मुखवटा झोपेत निघाला नि मी घोरायला लागलो की पूर्वी कोपर बसायचं. आता ही बटण दाबते. परवा जाग आली तेव्हा मी जवळजवळ बसलेला, गुडघे वर, आणि ही मोबाइलच्या उजेडात रिमोट न्याहाळत होती.

“झोपा हो तुम्ही. यात मसाजचंही बटण दिसतंय.”